सिंहाचं जेवण आणि आपली हौस

"अबे, परीक्षा झाली की गीरला चाललो. रात्री सिंह शिकार खाताना दाखवणारा माणूस आहे म्हणे तिकडे. पैसे टाकले की काम होते. येतोस का?"

मेसमध्ये जेवताना आमच्या विंगमधल्या एका मित्रानं हे विचारलं आणि खरं सांगतो, मित्रांनो, माझ्या तोंडून पहिला शब्द 'हो' असाच निघाला. कोणाला नाही आवडणार? आफ्रिकेबाहेर रानात सिंह उरलाय तो फक्त गुजरातेत. २०२५ च्या मोजणीत तिथं ८९१ सिंह भरले. असा प्राणी दहा पावलांवर जेवतोय, हाडं फोडल्याचा आवाज येतोय... नुसत्या कल्पनेनं अंगावर काटा येतो!

पण मग प्रश्न पडला. सिंह आपल्या वेळेवर, आपल्या गाडीसमोर का जेवेल? तो तर सहसा रात्री, त्याला वाटेल तेव्हा आणि वाटेल तिथं शिकार करतो. म्हणजे दाखवणाऱ्यानं काहीतरी बांधून ठेवलेलं असणार. कोंबडी नाहीतर रेडकू.

हे नवीन नाही. गीरमध्ये एकेकाळी हा सरकारी कार्यक्रमच होता. पर्यटकांसाठी रेडकू बांधायचं, सिंह यायचे, लोक फोटो काढायचे. १९८७ मध्ये ते बंद झालं. नेमका तेव्हाच, १९८७-८८ मध्ये, मोठा दुष्काळ पडला. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ७ च्या आसपास हल्ले व्हायचे, ते नंतर ४० वर गेले. अभ्यासकांनी दुष्काळाबरोबरच या आमिषाच्या सवयीकडेही बोट दाखवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुट आपण बदललं आणि आउटपुट गावकऱ्यांच्या दारात गेलं. माणूस दिसला की जेवण मिळतं, असं एकदा जनावराच्या डोक्यात बसलं की ते काढायला कुठलं रीसेट बटण नाही. तरीही २०१८ मध्ये सिंहिणीसमोर जिवंत कोंबडी नाचवल्याचा व्हिडिओ फिरलाच. त्यात अटकाही झाल्या.

"ते गुजरातचं, आपलं काय?" असं कोणी म्हणेल. आपण नागपूरकर तर वाघांच्या राजधानीत राहतो ना! मग ३१ डिसेंबर २०२४ आठवा. उमरेड-पवनी-करांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना जिप्स्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं. फोटो सगळीकडे गेले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. मात्र गाडीत मागे बसून "भाऊ, अजून थोडी पुढे घ्या ना" म्हणणारे आपल्यासारखेच होते, ही गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. वाघ दिसला तर टिप, नाही दिसला तर तोंड वाकडं. मग तो गाईड बिचारा काय करेल?

मीही एकदा बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढली आहे. शिकार सोडाच, वाघाचं शेपूटही दिसलं नाही. रानडुकरं आली, चितळं आली, पहाटे एक भेकर ओरडलं आणि सगळं रान एकदम गप्प झालं. तो कुठंतरी जवळच होता. ती दहा मिनिटं मी अजून विसरलो नाही. तिथं आपण पाहुणे असतो. वाट बघायची, दिसलं तर नशीब. बांधलेल्या रेडकासमोर आपण गिऱ्हाईक असतो. माझ्या मते सगळा फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

आणि एक गोष्ट झोप उडवते. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दोनच दिवसांनी, १२ मे रोजी, बुद्ध पौर्णिमा होती. शहरातले लोक ज्या वाघाच्या दर्शनासाठी पैसे मोजतात, तो दिसू नये म्हणून त्या बाया देवाला हात जोडून रानात शिरतात. वाघानं माणसाला बिचकून राहणं ही त्यांची एकमेव ढाल आहे. आपल्या एका फोटोसाठी ती पातळ करायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांतल्या रात्रीच्या पर्यटनावर बंदी आणायला सांगितलं, तेव्हा होस्टेलमध्ये बरीच कुरकुर झाली. मला तर तो निर्णय पटला. पण नुसत्या कोर्टावर सोडून चालणार नाही. आपल्या बॅचची जंगलाची ट्रिप निघेल तेव्हा एवढं तरी करू: गाडीत बसतानाच गाईडला सांगू, "भाऊ, वाघ नाही दिसला तरी टिप पूर्ण मिळेल. पण गाडी अंतरावर ठेवा."

मित्राला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "मग गीर कॅन्सल?" म्हटलं, "काहून कॅन्सल? जाऊ ना बे! दिवसा जाऊ, परवाना काढून जाऊ. सिंहाला भूक लागली तर जेवेल, नाहीतर आपण ढाब्यावर जेवू."