पाहुण्यांचे विमान आणि आपली घाई



लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया सोडून ऊस विकास अधिकारी विमानावर कशाला लिहितो, असे आपणांस वाटेल. पण ऊसपट्ट्यातली मुले आता बारामतीला विमान चालवायला शिकतात आणि सहकारातल्या मोठ्या कार्यक्रमांना पाहुणे कधी कधी छोट्या विमानाने येतात. तेव्हा विषय आपल्या बांधापर्यंत आलेलाच आहे.

16 जुलै 1999 ची गोष्ट. अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन स्वतःचे एका इंजिनाचे पायपर साराटोगा विमान घेऊन न्यू जर्सीहून निघाले. बरोबर पत्नी व मेहुणी. मेहुणीला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडायचे आणि पुढे चुलत बहिणीचे लग्न गाठायचे. निघेपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजून गेले. हवा धुरकट, खाली काळा समुद्र. आभाळ कुठे संपते आणि पाणी कुठे लागते हेच कळेना. अनुभव सुमारे 310 तासांचा, पण नुसत्या उपकरणांवर विमान चालवण्याचा परवाना नव्हता. बेट जवळ आले असता विमान वळत वळत समुद्रात गेले. तिघेही गेले. यंत्रात बिघाड सापडला नाही. वैमानिकाचे दिशाभान सुटले, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

हे होते कसे? आपला तोल कानातल्या पाण्यावर असतो. बादली हळूहळू गोल फिरवा, थोड्या वेळाने आतले पाणीही तिच्याबरोबर फिरू लागते. कानाचे तसेच. विमान सावकाश एका अंगावर कलून वळत राहिले की कान सांगतो, "सरळ चाललंय." डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर कानाचे खोटे पकडले जाते, ढगात ते पकडणार कोण? समोरची घड्याळे. ती वाचायची सवय पाहिजे आणि स्वतःच्या अंगापेक्षा त्यांच्यावर विश्वास पाहिजे. 1954 साली इलिनॉय विद्यापीठाने अशी सवय नसलेल्या 20 जणांना ढगात शिरल्यासारख्या स्थितीत विमान चालवायला लावले. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. आपला चहासुद्धा एवढ्यात उकळत नाही.

त्याच संध्याकाळी त्याच विमानतळावरच्या दुसऱ्या एका वैमानिकाने हवा बघून आपले जाणे रद्द केले होते. अशा माणसाचा सत्कार कोणी करत नाही. उलट "घाबरला" म्हणतात!

सगळा दोष चालवणाऱ्यावर टाकून आपण मोकळे होतो, हे मला पटत नाही. पलीकडे कोणीतरी वाट पाहत असते. 30 सप्टेंबर 2001 रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला छोट्या विमानाने निघाले. खराब हवेत मैनपुरीजवळ विमान कोसळून आठ जण गेले. त्यांच्यावर कोणी घाई केली होती, असे मी म्हणत नाही. पण मांडव भरला, माइकवर "पाहुणे पाच मिनिटांत येत आहेत" चालू झाले आणि फोनवर फोन गेले, की त्या फोनचे वजन वैमानिकाच्या मानेवर येतेच. गडी पावसात भरलेली ट्रॉली ओढ्यात घालत नाही म्हणाला, तर शहाणा मालक ऐकतो. मग इथेच का नाही?

म्हणून एक सूचना. मोळी टाकण्याचा कार्यक्रम परतीच्या पावसाच्या तोंडावरच येतो. त्या दिवशी आभाळ भरून आले आणि पाहुण्यांचा "येत नाही" असा निरोप आला, तर कुरकुर न करता हजर असलेल्या सर्वांत वयस्कर सभासदाच्या हस्ते गव्हाणीत मोळी टाकावी. हार त्यांनाच घालावा आणि जेवणाची पंगत वेळेवर बसवावी.

— ऊस विकास अधिकारी