अडुसष्टावा दिवस

नाशिक जिल्ह्यातील कोणत्याही तहसील कचेरीत दोन शाखा असतात. एकीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेची प्रकरणे चालतात, तर दुसरीत रोजगार हमीची. दोन्हींचा प्रमुख तहसीलदारच. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एखादी विधवा या दोन्ही शाखांत गेली, तर एकाच सरकारचे दोन परस्परविरोधी उपदेश तिच्या पदरी पडतात. एक शाखा सांगते, उत्पन्न नसेल तर मदत मिळेल. दुसरी सांगते, काम मागा, तो तुमचा हक्क आहे.

हा विरोध केवळ शाब्दिक नाही. निराधार योजनेची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये. २०२३ साली मासिक मदत १,००० रुपयांवरून १,५०० वर नेली गेली, मर्यादा मात्र तेवढीच राहिली. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ या वर्षासाठी रोज ३१२ रुपये ठरला. सदुसष्ट दिवस काम करणाऱ्या बाईचे उत्पन्न २०,९०४ रुपये होते. अडुसष्टाव्या दिवशी ती मर्यादेबाहेर जाते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबामागे शंभर दिवस कामाची हमी दिली. ती पुरती वापरायची म्हणून तिने उरलेले तेहतीस दिवस माती उपसली, तर मजुरी वाढते १०,२९६ रुपये आणि वर्षाची मदत बुडते १८,००० रुपये. जास्त राबणारी बाई जास्त गरीब होते.

तलाठी हजेरीपट समोर घेऊन अशी वजाबाकी करीत बसतो, असे अर्थातच नाही. प्रत्यक्षात २१,००० च्या आतला दाखला काढला जातो, आणि तो खरा नाही हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते आणि देणाऱ्यालाही. नियमच असा की गरिबाने खोटे बोलल्याखेरीज जगता येऊ नये. आणि मग कोणा दलालाने किंवा गावपुढाऱ्याने त्या खोट्याची आठवण करून दिली की तिला गप्प बसावे लागते. या भीतीचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडत नाही.

याच राज्याने २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना आणली. रक्कम तीच, १,५०० रुपये. उत्पन्नमर्यादा मात्र अडीच लाख. मतांच्या हंगामात अडीच लाखांपर्यंतचे घर मदतीस पात्र ठरते, आणि नवरा गेलेल्या बाईच्या घराने एकवीस हजारांची रेघ ओलांडली की त्याचा विसर पडतो, हे तर्कशास्त्र मंत्रालयातच उमगत असावे.

‘फुकट पैशाने लोक आळशी होतात’ हे वाक्य या प्रसंगी हमखास ऐकू येते. सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला आणि विरळणीला येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याच्या तोंडी ते शोभत नाही. कामाची ओढ आहे. अडचण वेगळीच आहे. तान्हे मूल कोठे ठेवायचे? गावाजवळ काम निघेल की बाग गाठावी लागेल? मजुरी बँकेत जमा होईपर्यंत चूल कशावर पेटवायची? सहा वर्षांखालील पाच मुले कामावर आली तर त्यांना सांभाळण्यासाठी एक बाई मजुरीवर नेमावी, ही तरतूद केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टातच होती. पाळणाघर ही सरकारची मेहेरबानी नसून कामाच्या हक्काचाच तो भाग आहे, हे त्या तरतुदीने मान्य केले होते.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकवावे लागू नये. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळाने त्याला राज्यभर नेले, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसायकर बसला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पगारदार तो आजही भरतात. शहराने खेड्यातील कामाचा खर्च उचलावा, हा करार या राज्याने जाणतेपणी केला होता. निराधार योजना १९८० साली आली. या दोन योजनांना जोडणारा पूल मात्र कोणी बांधला नाही.

तो बांधणे अवघड नाही. सरकारी कामावर मिळविलेली मजुरी निराधाराच्या उत्पन्नात धरू नये. बाहेरचे काम मिळाल्यास मदत एका फटक्यात न तोडता निदान दोन वर्षे टप्प्याटप्प्याने उतरवावी, आणि काम सुटले तर नव्या अर्जाशिवाय ती पूर्ववत व्हावी. निराधाराचा अर्ज घेणाऱ्या कारकुनाने, अर्जदार धडधाकट असेल आणि तिची इच्छा असेल तर, कामाच्या मागणीचा नमुना ४ तेथेच भरून घेऊन दिनांकित पोच द्यावी. इच्छा असेल तरच. कारण वृद्ध, आजारी आणि अपंग यांच्यामागे कामाचा ससेमिरा लावण्यासाठी या सूचनेचा कोणी आधार घेऊ लागला, तर आहे तीच व्यवस्था बरी म्हणावी लागेल.

उत्पन्नमर्यादा काही विधिमंडळाच्या कायद्याने ठरलेली नाही. ती शासन निर्णयाने आली आणि शासन निर्णयानेच बदलता येते. नाशिकच्या आमदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात उपस्थित करावा, आणि लाभार्थ्यांची पुढील वार्षिक पडताळणी सुरू होण्यापूर्वी त्याचे उत्तर मागून घ्यावे.