कात्री बाजूला ठेवा!

दोस्तांनो, रंगपेटी नाही म्हणून चित्र अडलंय? मग जुन्या लग्नपत्रिका, वर्तमानपत्रं जमवा आणि आईकडून भाताची खळ मागून घ्या. आज आपण कुरखेड्यातलं मातीचं घर चिकटवणार आहोत. अशा चिकटचित्राला ‘कोलाज’ म्हणतात. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ साली फ्रान्समध्ये हेच केलं होतं.

आधी घर नीट बघून या. कवेलूंच्या ओळी मोजा. भिंतीचा कोपरा अगदी सरळ आहे का? नाही ना! हातानं लिंपलेली भिंत कात्रीनं कापली, की खोटी दिसते. म्हणून कागद बोटांनीच फाडा. फाटलेली पांढरट कड म्हणजे भिंतीचा पोपडा! कवेलूंचे तुकडे मात्र खालून वर चिकटवत जा. छपरावरही तोच क्रम असतो. वरची ओळ खालचीवर चढली नाही, तर पाणी घरात! शेजारी स्लॅबचं घर असेल, तर तिथे खुशाल कात्री चालवा.

भिंतीवर चित्र हवंय? चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या दरवाजांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलाय, तो घ्या. नाहीतर ताडोब्याचा वाघ. चंद्रपूर आणि बल्लारशा रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर तो रंगवलाय. २०१८ साली स्थानक-सजावटीच्या देशव्यापी स्पर्धेत या दोघांना मिळून पहिलं बक्षीस मिळालं.

घर पाडून नवं बांधायचं ठरलंय? मग चित्र आधी करा. गाय कुठे बांधत, चूल कुठे होती, आजीला विचारा. मागे तारीख घाला. वाळेपर्यंत वर जड वह्या ठेवा, नाहीतर भिंत वाकडी सुकेल.