गाण्याचाही वेगळा पाणवठा

रॉक-पॉपच्या इतिहासातले मोठे क्षण म्हणून याद्या निघतात. १९६५, न्यूपोर्ट : डिलननं इलेक्ट्रिक गिटार लावली आणि पब्लिक भडकलं. १९६९, वुडस्टॉक : चिखलात बसलेली लाखो पोरं. १९८५, लाइव्ह एड. मजा येते वाचायला. मीही गोदीत जेवणाच्या सुट्टीत हेंड्रिक्स ऐकतो, आणि कानात तो असला की लोखंडाचा खणखणाटसुद्धा तालात वाटतो. पण एक तारीख या याद्यांत मला कधी दिसली नाय. २५ जून १९४९.

तोवर अमेरिकेत काळ्यांच्या गाण्याची यादीच वेगळी होती. बिलबोर्ड नावाचं धंद्याचं साप्ताहिक कुठली तबकडी किती चालली ते छापायचं. गोऱ्यांचं ते पॉप आणि काळ्यांच्या त्या 'रेस रेकॉर्ड्स'. सरळ मराठीत सांगायचं तर जातीच्या तबकड्या. १९२० साली मॅमी स्मिथ या काळ्या बाईची तबकडी धो धो खपली, तेव्हा कंपन्यांना कळलं की काळ्यांच्या खिशातही पैसा असतो. पैसा घेतला, कप्पा वेगळा ठेवला. १९४९ ला त्या यादीचं नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं. विहिरीवरची पाटी रंगवली. विहीर वेगळी ती वेगळीच.

आपल्या महाड-पोलादपूरच्या पोरांना हे समजवायला लागत नाय. १९२३ ला मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, पुढे महाड नगरपालिकेनंही चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, डोकी फुटावी लागली. आणि मग काय केलं त्यांनी? शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं.

गाणंही असंच शुद्ध करून घेतात. बिग मामा थॉर्नटननं 'हाउंड डॉग' १९५२ ला रेकॉर्ड केलं. १९५३ ला ते काळ्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर होतं, पॉपच्या यादीत त्याला जागा नव्हती. १९५६ ला तेच गाणं एल्व्हिस प्रेस्लीच्या गोऱ्या तोंडातून निघालं आणि जगाचं झालं. बिग मामा सांगायची, तिला पाचशे डॉलरचा एक चेक मिळाला, बस्स. एल्व्हिस वाईट गायचा असं माझं म्हणणं नाय. गळा होता गड्याला. पण घागरी कुणी ओतल्या ते विचारायला नको?

आता आपल्याकडं या. प्रल्हाद शिंदे. एकच गळा. त्या गळ्यातलं पंढरीच्या वाटेचं गाणं आषाढीला गल्लीगल्लीत लागतं, वाड्यातही लागतं, माडीवरही. त्याच गळ्यातलं बाबासाहेबांचं गाणं वस्तीची हद्द ओलांडत नाय. २००४ ला माणूस गेला, गळ्याची फाळणी तशीच. त्याच वर्षी वामनदादा कर्डक गेले. गिरणीत राबलेला, थोराड वयात अक्षरं गिरवलेला हा माणूस, हजारो गाणी लिहून गेला. पण पांढरपेशांच्या लेखी भावगीत म्हंजे मराठी गाणं, आणि वामनदादांचं ते 'भीमगीत', म्हंजे 'त्यांचं'. चाल सिनेमाची उचलली म्हणून नाकं मुरडतात. अरे, ब्लूजच्या बारा बारच्या एका साच्यावर अर्धं रॉक उभं आहे, तिथं कुणी चोरी म्हणतं का?

आमच्या यादीत दोन क्षण घालतो. पहिला जलशांचा. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाची ढोलकी घेतली आणि तिच्यावर पाण्याचं, देवळाचं, शिक्षणाचं भांडण वाजवलं. दुसरा कॅसेटचा. १९८०च्या आसपास कॅसेट स्वस्त झाली आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. बारीकसारीक माणूस रेकॉर्डिंग करून विकू लागला. दादरला ६ डिसेंबरला, महाडला २० मार्चला, फुटपाथवर चादर टाकून. कुठल्या यादीत नंबर लागला नाय, कर्ण्यावर लागला.

पण एक दुखणं आहे. सिस्टर रोझेटा थार्प, रॉकच्या आधी जिनं रॉक वाजवलं, ती १९७३ ला वारली. कबरीवर नावाचा दगड यायला तीस-पस्तीस वर्षं गेली. हॉल ऑफ फेमला ती आठवली २०१८ मध्ये. आपल्याकडं तर दगडही नाय. कित्येक कॅसेटवर गायकाचं नाव, बाबासाहेबांचा फोटो, पण गाणं कुणी लिहिलं ते नाय, ढोलकी कुणाची ते नाय. जुलै २०२१ च्या पुरात महाडला मावशीच्या घरात सावित्रीचं पाणी शिरलं. कॅसेटचा ट्रंक चिखलात. फिती धुऊन वाळवल्या, एकही वाजली नाय. आतल्या कागदांवरची शाई आधीच गेली होती.

म्हणून पुढचा अंक गाण्याचा काढतोय. आपल्या वाडीतल्या गायन पार्टीचं नाव, कोण लिहायचं, पेटी कुणाची, कुठल्या सिनेमाची चाल, कुठल्या साली, हे लिहून पाठवा. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा. शुद्धलेखनाची फिकीर करू नका. २० मार्चला महाडला आपल्या पुस्तकांच्या टेबलावर वही ठेवलेली असेल, तिथं येऊन सांगितलंत तरी आम्ही लिहून घेऊ.