किती लांब आहे हो रत्नागिरी?

परवा लंडनच्या ऑफिसमधल्या कलीगचा फोन. 'वीकएंडला पॅरिसला चाललेय, सव्वा तासाची तर फ्लाइट!' मी फोन ठेवला आणि जळून खाक झाले. कारण दहाच मिनिटं आधी रत्नागिरीहून आईचा फोन येऊन गेला होता. शुक्रवारी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आणि वर, 'तू नको येऊस बाळा, लांब पडतं तुला.' मीही लगेच 'बरं' म्हणून टाकलं होतं!

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. लंडन-पॅरिस सरळ रेषेत साधारण 344 किलोमीटर. मुंबई-रत्नागिरी सरळ रेषेत मोजलं तर जेमतेम 235 च्या आसपास. म्हणजे आमची रत्नागिरी पॅरिसपेक्षा जवळ! रस्त्याने मात्र घाट, वळणं, खाड्या धरून तेच अंतर सव्वातीनशेच्या पुढे जातं.

आता गंमत बघा. जेट विमान ताशी 800 किलोमीटरने उडतं. त्या हिशेबाने पॅरिस 26 मिनिटांत यायला हवं. मग सव्वा तास का? कारण तिकिटावरची वेळ धरतात ती विमान जागेवरून हललं की तिथपासून पार तिकडे जाऊन उभं राहीपर्यंत. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं यातच निम्मा वेळ जातो. त्यात घरातून एअरपोर्ट, दोन तास आधी हजेरी, सिक्युरिटी, बॅगेची वाट, तिकडून शहरात शिरणं, हे सगळं मिळवा. झाले की पाच तास! म्हणून तर 1994 पासून समुद्राखालच्या बोगद्यातून धावणारी युरोस्टार तिथे भाव खाऊन जाते. सव्वादोन-अडीच तासांत थेट शहराच्या मध्यात.

आणि आपल्याकडे? आजोबा बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरायचे. बाबांच्या पिढीने रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून घेतली. 1998 साली कोकण रेल्वे सलग सुरू झाली. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा! पहाटे जनशताब्दीत बसलं की साधारण साडेपाच तासांत रत्नागिरी. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, तेव्हा थोडं जास्त.

म्हणजे बॉस, तिच्या पाच तासांत आणि माझ्या साडेपाच तासांत फरक अर्ध्या तासाचा. मग ती पॅरिसला वीकएंडला जाते आणि मी घरी वर्षातून दोनदा, गणपतीला आणि आंब्याला. याला अंतर म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

गुरुवारी रात्री बॉसला मेल टाकला, शुक्रवारी पहाटे ठाण्याला गाडीत चढले. कुवारबावला उतरून रिक्षा केली. दुपारी आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं. डोळ्याला पट्टी, हात माझ्या हातात घट्ट.

'एवढ्या लांबून आलीस गं?'

'नाही गं आई,' मी म्हटलं, 'पॅरिसपेक्षा जवळ आहे.'

तिला काही कळलं नाही. पण हसली मात्र खूप. तुमचं गाव किती तासांवर आहे? एकदा खरंच मोजून बघा.