वंशाचा दिवा आणि आईचा वाटा

लातूर शहरातील शिकवणी वर्गांतून दरवर्षी हजारो मुले-मुली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करतात. या परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. साहजिकच मेंडेलचे वाटाणे, गुणसूत्रांच्या जोड्या, आनुवंशिक रोगांच्या वंशावळी हे सारे या मुलांना तोंडपाठ असते. मुलगी झाली म्हणून स्त्रीला दोष देणे ही चुकीची समजूत आहे, असे बारावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे, आणि ‘लातूर पॅटर्न’मध्ये तयार झालेला विद्यार्थी त्यावरच्या प्रश्नाचे उत्तर सहसा चुकत नाही. मात्र हाच विद्यार्थी सुटीत औसा, निलंगा किंवा मुखेड तालुक्यातील आपल्या गावी परततो, तेव्हा घरी तो ‘वंशाचा दिवा’ असतो आणि त्याच्याच बरोबरीने तोच धडा शिकलेली बहीण ‘परक्याचे धन’ असते. या विसंगतीचे कारण शिक्षणाच्या दर्जात शोधून सापडणार नाही.

वंश पुरुषाचा, ही समजूत एका जुन्या रूपकावर उभी आहे. स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज, असे मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो, आणि दोहोंत बीज श्रेष्ठ असा निर्वाळाही देतो. मौज अशी की, त्याच अध्यायात पुढे जी चर्चा चालते, ती पीक कोणाच्या मालकीचे याची आहे. दुसऱ्याच्या शेतात पेरणाऱ्याला फळ मिळत नाही. दुसऱ्याच्या गाईला झालेले वासरू वळूच्या धन्याचे होत नाही. प्रजोत्पादनाच्या भाषेआड मालमत्तेचा हिशेब चालला आहे, तो असा. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली या बीज-भूमीच्या रूपकाचे जे विवेचन केले, त्याचा रोख हाच होता. जिचे काम केवळ पोसण्याचे मानले, तिचा अपत्यावरील आणि संपत्तीवरील हक्क दुय्यम ठरवणे सोपे जाते.

वास्तविक हे रूपक शेतीच्या कसोटीलाही उतरत नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८०च्या दशकात ‘नांदेड ४४’ हा संकरित वाण दिला आणि कोरडवाहू शेतकऱ्यांनी तो वर्षानुवर्षे पेरला. संकरित कपाशीचे बियाणे तयार करताना मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर हाताने काढून टाकतात आणि नर वाणाचे पराग तिच्यावर लावतात. हे नाजूक, कंबर मोडणारे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. शेतकरी ज्याला बी म्हणतो, ते अशा रीतीने मुळातच आई आणि बाप या दोघांचे अपत्य असते. वनस्पतीत पुरुषाच्या जागी असतो तो पराग. स्मृतिकारांना हे ठाऊक नव्हते, म्हणून त्यांना दोष देता येणार नाही. परंतु ‘नांदेड ४४’ पेरलेल्या गावाला तरी ते ठाऊक असायला हवे.

माणसाचेही तसेच आहे. सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज कार्ल फॉन बेअर याने १८२७ साली शोधून काढले आणि ‘क्षेत्रा’तही बीज असते हे सिद्ध झाले. अपत्याला २३ गुणसूत्रे आईकडून आणि २३ बापाकडून मिळतात. नर-मादीचा भेद गुणसूत्रांवर ठरतो आणि तो शुक्राणूंतून येतो, हे नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने १९०५ साली पिठातल्या एका किड्यावर दाखवून दिले. बापाकडून ‘एक्स’ आले तर मुलगी, ‘वाय’ आले तर मुलगा. यात गंमत अशी की, ज्या मुलासाठी नवस केले जातात, त्याच्यातच आईचा वाटा अधिक असतो. बापाकडून आलेल्या त्याच्या ‘वाय’वर जनुके शंभराच्या आसपास, आईकडून आलेल्या ‘एक्स’वर आठशेहून अधिक. शिवाय पेशीतील तंतुकणिकांची ३७ जनुके मुलगा असो वा मुलगी, आईकडूनच येतात.

अलीकडे रूढीला विज्ञानाचा मुलामा देणारे एक नवे प्रतिपादन ऐकू येते. ‘वाय’ गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, तेव्हा गोत्र हे त्याचेच प्राचीन नाव, असा त्याचा थाट असतो. पहिला भाग खरा आहे. परंतु दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांची स्थाने १०२४ होतात, आणि ‘वाय’ त्यांतील केवळ एकाकडून आलेले असते. सलग धाग्यालाच वंश म्हणायचे ठरवले, तर आईकडून मुलीकडे जाणारा तंतुकणिकांचा धागा तितकाच सलग आहे. त्याचा कुलवृत्तांत कोणी लिहीत नाही.

‘प्रभावी’ या शब्दाचीही अशीच ओढाताण होते. बापाचे गुण प्रभावी असतात, असे सुशिक्षित माणसेही सहज बोलून जातात. मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातच याचे उत्तर आहे. त्याने वाटाण्यांचे संकर दोन्ही बाजूंनी करून पाहिले. गुण परागातून आला काय किंवा बीजांडातून आला काय, फलात फरक पडला नाही. जनुकाचे प्रभावी असणे हे जोडीतल्या दुसऱ्या जनुकाच्या संदर्भात असते. नवऱ्याच्या बायकोवरील वर्चस्वाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

आईकडचा वारसा हिशेबात न धरण्याची किंमत मराठवाड्याला प्रत्यक्ष मोजावी लागते. येथे अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न इष्ट मानले जाते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातील या प्रथेची चिकित्सा केली आहे. सगोत्र म्हणून शेकडो मैलांवरची, कधी न पाहिलेली मुलगी वर्ज्य आणि मामाची मुलगी मात्र ‘दुसऱ्या कुळातली’! सख्ख्या मामे-आतेभावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी निपजतात हे खरे. तरी आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आल्याखेरीज न होणाऱ्या रोगांची शक्यता या विवाहांत वाढते, हेही तितकेच खरे. किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल याच जातीचा रोग आहे. भावकीत लग्न झाले नसले तरीही, माता आणि पिता दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक एवढी रोगाची शक्यता राहते. अपत्य दगावले की ‘पांढऱ्या पायाची’ मात्र सूनच ठरते. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले आणि तपासणीची पत्रके गावोगाव पोचू लागली. मुलीच्या हातातील पत्रक लग्न मोडण्याचे हत्यार होऊ नये आणि मुलाची तपासणी टाळली जाऊ नये, याकडे कार्यकर्त्यांचे लक्ष असले पाहिजे.

इतके सारे असूनही समजूत का टिकते? दत्तकाच्या प्रथेकडे पाहिले की उलगडा होतो. जिच्यात बापाचा निम्मा वारसा आहे त्या मुलीने वंश खुंटतो, आणि ज्याच्यात त्याचे एकही गुणसूत्र नाही अशा दत्तक मुलाने तो चालतो! रक्ताचा एवढा गवगवा करणारी व्यवस्था ऐन वेळी रक्त बाजूला ठेवते, कारण तिला जमीन एका हातात ठेवायची असते. एंगल्सने १८८४ साली पितृवंशाचा संबंध खाजगी मालमत्तेशी जोडला, त्यातील मानवशास्त्रीय तपशील पुढे वादग्रस्त ठरले. पण नांदेड-लातूरच्या कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात तासभर बसणाऱ्याला त्याच्या मूळ मुद्द्याची सत्यता पटेल. डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला पहिले स्थान दिले, ते उगीच नव्हे.

कायद्याने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहितेलाही मिळाला. आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. व्यवहारात मात्र तेरावा आटोपताच बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी तालुक्याला नेले जाते. बदल्यात साडीचोळी, आणि ‘माहेर तुटेल’ ही न बोललेली धमकी. दुष्काळी तालुक्यात चार-पाच एकरांचे आणखी तुकडे करून भावाने जगायचे कसे, हा प्रश्न खोटा नाही. पण तुकडे चार भावांत होतात, तेव्हा तो कोणी विचारीत नाही.

मालकीची ही वाट मुलाकडूनच जात असल्याने मुलगी जन्माआधीच नकोशी होते. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली, आणि लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ८९४ वरून ८०७ वर कोसळली. लातूर आणि नांदेडची घट इतकी तीव्र नव्हती, परंतु घट होतीच. बेकायदा चाचण्या करणारे हात निरक्षरांचे नव्हते. गुणसूत्रांचा धडा त्यांनी चांगल्या गुणांनी पार केलेला होता.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लावण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. तो स्वागतार्हच आहे. तथापि याच गोदावरीकाठी, पैठणला, दोन हजार वर्षांपूर्वी गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी आईच्या नावाने मिरवत होते आणि गादी बापाकडून मुलाकडेच जात होती, याचाही विसर पडू नये.

जनुकांचा हिशेब मांडून आईला बापाहून श्रेष्ठ ठरवण्याचा मोहही टाळावा. दत्तक मुलीचा हक्क जनुकांवर अवलंबून नसतो, तसा कोणाचाच नसावा. विज्ञानाने जुना आधार काढून घेतला, एवढेच त्याचे काम. पुढचे काम सज्जावर आहे. वारसनोंदीत मुलींची नावे लागली का, हे पाहावे. हक्कसोड ऐच्छिक आहे आणि ती न केल्याने कोणताही फेरफार अडत नाही, हे बहिणींना सही करण्याआधी सांगावे. फेरफारावर हरकत घेण्याची मुदत पंधरा दिवसांची असते. त्याची नोटीस सासरच्या गावी पोचते की भाऊच ती परस्पर घेतो, यावर गावशाखेला सहज लक्ष ठेवता येईल.