व्हिसा दोन वर्षांचा, कुत्रा बारा वर्षांचा

गेल्या महिन्यात रियाधमधल्या आमच्या कंपाउंडमधून एक मराठी कुटुंब ‘फायनल एक्झिट’ घेऊन गेलं. गाडी विकली, फर्निचर विकलं. लॅब्रॅडॉर मात्र वॉचमनच्या हवाली! आता तो आमच्याकडे आहे. गेट वाजलं की अजून दाराशी धावतो.

इथं कुत्रा सांभाळणं सोपं नाही. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे, रस्त्यानं पंजे भाजतात. म्हणून फिरवणं पहाटे किंवा रात्री. अनेक शेजारी कुत्र्याची लाळ अपवित्र मानतात. त्यामुळे माणूस दिसला की अंगावर न जाता खाली बसायचं, हे मी त्याला रोज दहा मिनिटं, खाऊ देऊन शिकवतोय. मारून नाही. शिस्त म्हणजे शेजाऱ्यांचा मानच की!

आणि कायमचं परतताना कुत्रा भारतात नेता येतो. रेबीजची लस, आरोग्य दाखला, पशु क्वारंटाइन विभागाची एनओसी, विमानाचं भाडं. खटाटोप आहे, अशक्य नाही. पण तयारी काही महिने आधी हवी.

मुलांच्या हट्टापायी पिल्लू आणण्याआधी एवढंच विचारा: नोकरी गेली तर हा कुठे जाणार? उत्तर नसेल, तर आणू नका.